मुलाला ‘तामसी’ म्हणण्याआधी

प्रश्न : माझा २१ वर्षांचा मुलगा गेले दोन महिने दुपारपर्यंत झोपतो. अभ्यासाला बसत नाही, काही विचारलं की चिडतो. सासूबाई म्हणतात, त्याच्यात तमोगुण वाढलाय. त्यांनी घरात कांदा-लसूण बंद केलाय आणि त्याला रोज ‘तमसो मा ज्योतिर्गमय’ म्हणायला लावतात. मी गीतेचा चौदावा अध्याय उघडला, तर तिथे तम म्हणजे आळस आणि झोप. आपण तर रागीट माणसाला तामसी म्हणतो. प्रार्थनेत तम म्हणजे अंधार. एका ठिकाणी शंकराला तमोगुणी म्हटलेलं वाचलं आणि पुरती गोंधळले. तम म्हणजे अंधार, आळस, राग की पाप? आणि तो कमी कसा करायचा?
– एक आई

उत्तर : ताई, तुमच्या वाचण्यात काही चूक झालेली नाही. वेद, सांख्य, गीता, आयुर्वेद, न्यायशास्त्र आणि आपली रोजची मराठी, इतक्या ठिकाणी हा एकच शब्द वावरलाय आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ थोडा सरकलाय. मुलाच्या बाबतीत काय करायचं हे यातला कोणता अर्थ धरता त्यावर ठरेल. म्हणून आधी शब्द सोडवून घेऊ, मग त्याच्या झोपेकडे येऊ.

सगळ्यात जास्त घोटाळा मराठीच करते. मराठीत तामसी म्हणजे तापट, डोक्यात राख घालून घेणारा. गीतेत मात्र राग तमाच्या खात्यावर नाही. तिसऱ्या अध्यायात स्पष्ट म्हटलंय, ‘काम एष क्रोध एष रजोगुणसमुद्भवः’ (३.३७). क्रोध रजोगुणातून येतो. तमाची लक्षणं १४.१३ मध्ये आहेत आणि ती चार आहेत : अप्रकाश (समज झाकोळणं), अप्रवृत्ती (काही करायलाच न उठणं), प्रमाद आणि मोह. यातले शेवटचे दोन शब्द पुन्हा फसवतात. मराठीत प्रमाद म्हणजे चूक. संस्कृतात प्रमाद म्हणजे काय करायचं हे ठाऊक असूनही अवधान सुटणं. तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्याला निरोप देताना ‘स्वाध्यायान्मा प्रमदः’ म्हणतात तेव्हा ‘अभ्यासात चुका करू नकोस’ असं त्यांना म्हणायचं नसतं, ‘अभ्यासाकडे दुर्लक्ष होऊ देऊ नकोस’ असं म्हणायचं असतं. मोहाचंही तसंच. आपण म्हणतो, ‘मोह आवरला नाही’, म्हणजे हाव सुटली. संस्कृतात मोह म्हणजे भांबावणं, काय करावं ते न उमगणं. अठराव्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन ‘नष्टो मोहः’ म्हणतो तेव्हा त्याची कसली हाव गेलेली नसते, त्याचं भांबावलेपण गेलेलं असतं. तेव्हा गीता वाचताना तामस, प्रमाद आणि मोह या तीन शब्दांचे मराठी अर्थ बाजूला ठेवा. निम्मा गोंधळ तेवढ्यानेच निवळेल.

आता मूळ शब्द. तो ‘तम’ नसून ‘तमस्’ आहे, सकारान्त नपुंसकलिंगी. तम् या धातूच्या ‘ताम्यति’ या रूपाचा अर्थ गुदमरणं, दमून जाणं, ग्लानी येणं असा होतो. म्हणजे दिसेनासं होणं आणि गळून जाणं या दोन्ही छटा शब्दात आहेत. त्याची रूपं तमः, तमसा, तमसः, तमसि अशी चालतात. पुढे मृदू व्यंजन आलं की विसर्गाचा ओ होतो, म्हणून तमोगुण, तमोहर. प्रियतम, महत्तम यांतला ‘तम’ हा वेगळा प्रत्यय आहे, ‘सर्वांत जास्त’ या अर्थाचा, त्याचा अंधाराशी काही संबंध नाही. ‘उत्तम म्हणजे तमाच्या वर’ अशी फोड प्रवचनांत कधी कधी ऐकू येते. ती व्याकरणात बसत नाही. पण ऋग्वेदातल्या एका सुंदर ऋचेत (१.५०.१०) ‘उद्वयं तमसस्परि’ असा आरंभ होतो आणि ‘ज्योतिरुत्तमम्’ असा शेवट. तिथे ऋषी या नादाशी खेळलेला दिसतो, आणि फोड चुकीची असली तरी ती सुचावी कशी हे त्यावरून कळतं.

‘तमसो मा ज्योतिर्गमय’ या ओळीत ‘तमसः’ ही पंचमी विभक्ती आहे, म्हणजे ‘अंधारातून’. ‘मा’ चा अर्थ इथे ‘नको’ असा नाही, तो ‘मला’ असा आहे. ‘मा फलेषु’ मधला मा निषेधाचा, हा मा सर्वनामाचा, आणि नवशिके नेमके इथे अडखळतात. ‘गमय’ म्हणजे ‘ने’. हे वाक्य बृहदारण्यक उपनिषदातलं (१.३.२८). त्याचा अर्थ उपनिषदानेच लगेच पुढे दिला आहे, ‘मृत्युर्वै तमो ज्योतिरमृतम्’, तम म्हणजे मृत्यू आणि ज्योती म्हणजे अमृतत्व. इथे आळसाचा किंवा झोपेचा विषयच नाही. सकाळी लवकर जाग यावी म्हणून हा मंत्र देणं म्हणजे एका शास्त्रातला शब्द उचलून दुसऱ्या शास्त्रातल्या दुखण्यावर लावणं.

वेदात तमस् बहुतेक वेळा खरोखरीचा अंधारच असतो. नासदीय सूक्तात (१०.१२९) सृष्टीच्या आधी ‘तम आसीत्तमसा गूळ्हमग्रे’, अंधाराने झाकलेला अंधार होता. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात स्वर्भानू (पुढे ज्याला राहू म्हटलं तो असुर) सूर्याला तमाने वेधतो आणि अत्री सूर्य शोधून काढतात, ते ग्रहणाचं वर्णन आहे. म्हणून अमरकोशात ‘तमस्’ हे राहूचंही नाव आहे. त्याच कोशात अंधाराच्या पायऱ्याही दिल्यात : दाट तो अंधतमस, विरळ तो अवतमस, चहूकडे पसरलेला तो संतमस.

गुण म्हणून तमाची नेमकी व्याख्या मिळते ती सांख्य दर्शनात, आणि तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथेच आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत १२ आणि १३ या दोन कारिका (म्हणजे श्लोक) शेजारी ठेवून वाचा. सत्त्व हलकं आणि प्रकाश देणारं, रज चालना देणारं आणि चंचल, आणि ‘गुरु वरणकमेव तमः’, तम जड आणि झाकणारं. (गुरु शब्दाचा इथला अर्थ फक्त ‘जड’.) तमाचं काम काय? ‘नियम’, म्हणजे आवर घालणं, थोपवून धरणं. योगसूत्रात (२.१८) दृश्य जगाचे तीन स्वभाव सांगितलेत, प्रकाश, क्रिया आणि स्थिती. त्यातली स्थिती तमाची. तम नसतं तर काहीच जागेवर टिकलं नसतं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पृथ्वी ‘तमोबहुला’ म्हटली आहे आणि सांख्याच्या मते पंचतन्मात्रं, म्हणजे पंचमहाभूतांची सूक्ष्म रूपं, तामस अहंकारातूनच निघतात. ज्या जमिनीवर आपण उभे आहोत आणि ज्या देहात राहतो त्याचं बांधकाम तमाचं आहे. त्याला पाप कसं म्हणणार?

तिन्ही गुण परस्परविरोधी असून एकत्र काम कसं करतात यासाठी कारिकेत एकच शब्द आहे, ‘प्रदीपवत्’, दिव्यासारखं. कारिकेचे टीकाकार वाचस्पती मिश्र तो असा उलगडतात : वात आणि तेल दोन्ही आगीच्या विरुद्ध, तरी आगीबरोबर मिळून रूप उजळवतात. आग अनावर झाली तर वात क्षणात जळून जाते, तेल फार झालं तर ज्योत बुडते. दिव्यातून तेल काढून टाकावं असं मात्र कोणी म्हणत नाही.

इथे एक बारकावा आहे, आणि तो चुकला की उपायही चुकतो. न्याय आणि वैशेषिक ही दर्शनं म्हणतात, अंधार ही वस्तूच नाही, तो तेजाचा अभाव आहे. भाट्ट मीमांसक, म्हणजे मीमांसा दर्शनातले कुमारिल भट्टांचे अनुयायी, उलट म्हणतात : अंधार काळानिळा दिसतो, सरकताना दिसतो, म्हणजे रंग आणि गती असलेलं ते द्रव्यच आहे, नऊ द्रव्यांच्या पलीकडचं दहावं. नैयायिकांचं, म्हणजे न्यायवाल्यांचं, उत्तर असं की सरकतो तो उजेड, आणि रंगाचा तर भासच होतो. हा वाद प्रत्यक्ष अंधाराबद्दलचा आहे. पण नैयायिकांचं मत तमोगुणाला लावून ‘दिवा लागला की अंधार गेला, तसा ज्ञान आलं की तमोगुण गेला’ असं सर्रास सांगितलं जातं. सांख्यातला तमोगुण अभावरूप नाही, तो प्रकृतीचा, म्हणजे जगाच्या मूळ द्रव्याचा, एक घटक आहे. तो जात नाही, दबतो. गीतेचं क्रियापद पाहा, ‘रजस्तमश्चाभिभूय’ (१४.१०), रज आणि तम यांना दाबून सत्त्व वर येतं. आणि १८.४० मध्ये तर पृथ्वीवर किंवा स्वर्गात देवांमध्येसुद्धा या तीन गुणांपासून सुटलेलं कोणी नाही असं सांगून टाकलंय. मुलातला तमोगुण ‘घालवायचा’ हे उद्दिष्टच त्यामुळे चुकीचं ठरतं. त्याला जागेवर ठेवायचं, एवढंच करता येतं.

शंकराबद्दल थोडक्यात. सृष्टी, स्थिती आणि लय ही कामं तीन गुणांना आणि तीन देवांना वाटून देण्याची पुराणांची एक रीत आहे. त्यात लय तमाकडे येतो, म्हणून रुद्र तमाचा अधिष्ठाता. अधिष्ठाता म्हणजे ते काम ज्याच्या हाती आहे तो, त्या गुणाने बांधलेला नव्हे. पद्मपुराणात तर १८ पुराणांची सहा-सहा अशी सात्त्विक, राजस, तामस वाटणी आहे आणि शिव, लिंग, स्कंद ही तामसात टाकली आहेत. ती वैष्णव दृष्टीची वाटणी आहे हे ध्यानात ठेवून वाचा. दुर्गासप्तशतीच्या पहिल्या अध्यायात ब्रह्मदेव योगनिद्रेची स्तुती करतो तेव्हा त्या देवीला ‘तामसी’ म्हटलंय. विष्णूला झोपवणारी तीच आणि उठू देणारीही तीच. तामसी ही शिवी असती तर तो शब्द या ग्रंथात देवीसाठी आला नसता.

आता मुलगा. झोप दिसली की तमोगुण, हे समीकरण आयुर्वेदालाच मान्य नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, झोपेचे सहा प्रकार दिलेत : तमातून येणारी, कफातून येणारी, मनाच्या व शरीराच्या श्रमाने येणारी, आगंतुक, आजाराच्या मागोमाग येणारी आणि रात्रीच्या स्वभावाने येणारी. शेवटचीला चरक ‘भूतधात्री’ म्हणतात, जिवांना सांभाळणारी धाय. तमोभवा झोपेला ते पापाचं मूळ म्हणतात, आणि उरलेल्या चारांची गणना व्याधींमध्ये करतात. सहांतली एकच तमाची. तेव्हा निवाडा करण्याआधी प्रकार ओळखायला हवा.

त्यासाठी १४ दिवस एक वही ठेवा. शक्यतो त्यानेच लिहावं : डोळा कधी लागला, जाग कधी आली, मध्ये किती वेळा उठला, दिवसा किती झोपला. या वयात सात ते नऊ तास झोप लागतेच. पहाटे तीनला झोपून दुपारी बाराला उठत असेल तर ती नऊच तास होते. तेव्हा झोप जास्त नाही, तिची वेळ सरकली आहे. दहा-अकरा तास झोपूनही थकवा जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा. रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थायरॉईड या साध्या तपासण्या आधी होतील. आणि सलग दोन आठवडे किंवा जास्त दिवस मन खिन्न असणं, आवडत्या गोष्टींतलंही मन उडणं, चिडचिड, जेवणात बदल असं सगळं जुळून येत असेल तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत, आणि दोन महिने उलटलेत म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला आणखी थांबू नका. ‘जगून काय करायचं’ असं काही तो बोलला तर त्याच दिवशी जा. गीतेने तामस कर्त्याच्या वर्णनात (१८.२८) ‘अलस’ (आळशी) आणि ‘दीर्घसूत्री’ (चालढकल करणारा) या शब्दांच्या बरोबर ‘विषादी’ हाही शब्द ठेवलाय. बाहेरून आळस दिसतो तिथे आत विषाद असू शकतो. हा शब्द मला त्या श्लोकात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

माणसावर शिक्का मारण्याबद्दलही गीतेची पद्धत वेगळी आहे. अठराव्या अध्यायात ज्ञान, कर्म, कर्ता, बुद्धी, धृती (धरून ठेवण्याची शक्ती) आणि सुख या सहा गोष्टींची प्रत्येकी तीन गुणांत विभागणी आहे. एकाच माणसाची बुद्धी सात्त्विक आणि धृती तामस असू शकते. काय बरोबर हे त्याला कळत असतं, पण झोप, भीती, शोक आणि विषाद यांना त्याने धरून ठेवलेलं असतं, सोडवतच नाही (१८.३५). अशा मुलाला ‘तुला काही कळत नाही’ म्हणणं निरुपयोगी आहे, कारण कळण्यात अडचणच नाही. आणि तामस ज्ञानाचं लक्षण १८.२२ मध्ये काय दिलंय तेही सासूबाईंबरोबर बसून वाचा : एका तुकड्यालाच संपूर्ण समजून, कारण न पाहता त्याला चिकटून राहणं. उशिरापर्यंतच्या झोपेवरून अख्खा मुलगा तामसी ठरवणं या लक्षणात बसतं.

जेवणाबद्दल. तामस आहाराचा श्लोक १७.१० हा आहे आणि त्यात कांदा-लसणाचं नाव नाही. तिथे यातयाम, गतरस, पूति (दुर्गंधी), पर्युषित, उच्छिष्ट (उष्टं) आणि अमेध्य (अपवित्र) असे सहा शब्द आहेत. याम म्हणजे प्रहर, तीन तास, म्हणून यातयाम म्हणजे शिजवून प्रहर उलटलेलं असा अर्थ बरेच जण घेतात. शंकराचार्य मात्र ‘मन्दपक्व’, अर्धकच्चं, असा घेतात, कारण जोम गेलेल्या अन्नासाठी ‘गतरस’ हा शब्द पुढे आहेच. पर्युषित म्हणजे रात्र उलटलेलं, शिळं. कांदा-लसणाचा निषेध मनुस्मृतीत (५.५) आहे, पण तो द्विजांच्या अभक्ष्याच्या यादीत, तमोगुणाचं कारण देऊन नव्हे. आयुर्वेद तर लसणाला रसायन, म्हणजे शरीराला बळ देणारं औषध, मानतो. सासूबाईंचं व्रत म्हणून त्यांनी ते पाळायला काहीच हरकत नाही. मुलावर औषध म्हणून मात्र त्याचा भरवसा धरू नका. त्याच्यासाठी ताजं, पुरतं शिजलेलं अन्न आणि ठरलेली वेळ हे जास्त कामाचं. दुपारी उठून सकाळचं थंडगार जेवण एकट्याने जेवणं हे श्लोकातल्या वर्णनाच्या कितीतरी जवळ जातं.

उपायांत क्रम महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक घरांत तो उलटा होतो. भागवतात (१.२.२४) उपमा आहे : लाकडाहून धूर बरा, धुराहून अग्नी. तसं तमाहून रज, रजाहून सत्त्व. जड लाकूड एकदम ज्योत होत नाही, आधी धुमसतं. म्हणून पहिल्या आठवड्यात ध्यान, मौन, उपास यांपैकी काहीही नको. सुस्त मनाला डोळे मिटून बसवलं की ते झोपतं. वेदान्ताचे आचार्य गौडपाद यांनी माण्डूक्यकारिकेत (३.४४) नियमच दिलाय, ‘लये सम्बोधयेच्चित्तं विक्षिप्तं शमयेत्पुनः’, मन लयात गेलं, म्हणजे झोपेकडे कललं, तर जागवा आणि भरकटलं तर शांत करा. शांत करायचा उपाय सुस्तीवर वापरला की सुस्ती वाढते.

आधी हालचाल द्या. उठायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ ते ३० मिनिटं अलीकडे आणा. बारावरून एकदम सहावर आणली तर तिसऱ्या दिवशी सगळं मोडतं. उठल्या उठल्या उजेडात जाऊन १५ मिनिटं चालायचं, दिवसभर खोलीत पडदे ओढून बसायचं नाही. मग एकच काम, २० मिनिटांत पुरं होईल इतकंच. या टप्प्यावर तो थोडा जास्त चिडचिडा होईल, वाद घालेल. तो धूर आहे. त्याला घाबरून सगळं थांबवू नका. हट्टाने शरीर पिळणाऱ्या तपाला गीता १७.१९ मध्ये तामसच म्हणते, तेव्हा शिक्षा म्हणून उपास किंवा पहाटेची थंड आंघोळ लावू नका. भागवताच्या अकराव्या स्कंधात (११.१३.४) गुण बदलणारी दहा कारणं दिलीत : वाचन, पाणी, सोबतची माणसं, जागा, वेळ, कर्म, जन्म, ध्यान, मंत्र आणि संस्कार. जन्म सोडला तर बाकी बरंच हाताशी आहे. त्यातून सोबत आणि जागा ही दोन आधी बदला, त्यांचा परिणाम लवकर दिसतो. अभ्यासाचं टेबल पलंगाच्या खोलीतून बाहेर काढलं तरी फरक पडतो.

राहिली प्रार्थना. ती बंद करू नका, पण ती त्याच्यावर लादलेली शिक्षाही नसावी. उपनिषदात हे वाक्य यजमानाने, म्हणजे यज्ञ करवणाऱ्याने, स्वतः जपायचं आहे आणि त्यातला ‘मा’ म्हणजे ‘मला’. तेव्हा सासूबाई, तुम्ही आणि जमेल तेव्हा तो, उभं राहून, मोठ्याने, तीनही ओळी म्हणा : ‘असतो मा सद्गमय, तमसो मा ज्योतिर्गमय, मृत्योर्माऽमृतं गमय’. आणि तो झोपलेला असेल त्या दिवशी तुम्ही दोघींनी आपापल्यासाठी म्हणा.